उंबराची सावली सरेपर्यंत

राहीआत्या, आज सकाळी मी प्यालो.

थोरल्या झऱ्याचं पाणी, ओंजळीनं, सगळ्यांच्या देखत, तू प्यायचीस तसंच. आधी डोळ्यांना लावलं, मग प्यालो. पाणी गार होतं. चव नेहमीचीच वाटली. पण खरं सांगतो, चवीकडे माझं लक्षच नव्हतं. आता तुझ्या दगडावर बसलो आहे. उंबराची सावली अजून पाण्यावर आहे. पलीकडे बायका घागरी पालथ्या घालून बसल्या आहेत आणि माझ्या तोंडाकडे बघताहेत. पोरं रडायला लागली की त्यांना गप्प करताहेत. एवढी माणसं एकदम माझ्याकडे बघताहेत असं यापूर्वी एकदाच झालं होतं, मी बी. ए. होऊन होडीतून उतरलो तेव्हा. त्या वेळी तू माझ्या पुढं चालत होतीस.

आपल्या बेटाचा रिवाज तुला मी काय सांगणार? पण सकाळपासून तो मी स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगतो आहे. सांगितला की थोडा धीर येतो. चहूबाजूंनी भीमेचं पाणी असलं तरी बेटानं पिण्यासाठी नदीवर कधी भरवसा ठेवला नाही. खडकाच्या भेगांतून येणारे तीन झरे, थोरला, धाकटा आणि म्हशींचा, हेच आपलं पाणी. झऱ्याची पाळी घराघरांत फिरते. ज्या घराची पाळी, त्या घरच्या माणसानं दिवस उजाडताना झऱ्यावर यायचं, खडकावरच्या खुणेशी पाणी चढलं की उतरलं ते बघायचं, पाला-कचरा काढायचा, कुणाचा पाय पाण्यात पडू द्यायचा नाही. मासोळ्या आहेत ना, ते बघायचं. मग सगळ्यांच्या आधी स्वतः प्यायचं आणि दगडावर बसून राहायचं. उंबराची सावली पाण्यावरून सरली आणि पिणारा माणूस धड असला, म्हणजे त्यानं उठून म्हणायचं, "भरा." तोवर घागर सरळ करायची नाही. पाळीवालं माणूस दगावलं तर ती पाळी दुसऱ्या घराला जात नाही. त्याच घरातल्या माणसानं ती उचलायची.

आपल्या घरात आता मीच आहे.

सोलापुरात मी शाळेत शिकवत होतो. वर्गात भूगोल चालू असताना शिपायानं निरोप आणला. कुर्डुवाडीला रेल्वेत कामाला असलेल्या आपल्या बेटाच्या माणसानं गार्डाबरोबर तो धाडला होता. "राहीबाई गेली. पटकीनं." एवढंच. पटकीला आम्ही शाळेत कॉलरा म्हणतो. मी मिळेल त्या गाडीनं निघालो. डब्यात एक म्हातारा शेजारी खोकत होता आणि मी त्याच्यापासून अंग चोरून बसलो होतो. माझी आत्या गेली होती आणि मी शेजारच्या खोकल्याला भीत होतो. तुला हे सांगायला लाज वाटत नाही. तू भीतीला कधी हसली नाहीस.

मी पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. घरात तुझं लुगडं दांडीवर तसंच होतं. चूल पोतारलेली होती. आणि थोरल्या झऱ्यावर बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. ते तू स्वतःच्या हातानं घातलेलं, असं सरजाकाकूनं सांगितलं.

शेजारच्या सरजाकाकूला तू आयुष्यभर तोंडाळ म्हणालीस. आता तिच्याच तोंडून मला तुझी शेवटची सकाळ ऐकावी लागली. ती मी तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावली. पूर ओसरून होड्या चालू झाल्या होत्या. आदल्या दिवशी तू पलीकडच्या काठावर कुणाच्या तरी बाराव्याला जेवून आलीस. त्या गावात पटकी आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुरानंतर झरा पहिल्यांदा उघडायचा होता आणि पाळी आपली होती.

"समदी लई खुशीत हुतो बघ," सरजाकाकू म्हणाली. "झऱ्यात ह्या एवढाल्या मासोळ्या! चांदीवानी लखाखत हुत्या. आमी म्हणलं, झरा जित्ता हाय. धाकट्यात निसता गाळ, पर थोरल्यात मासोळ्याच मासोळ्या. पोरं तर नाचाय लागली."

आपल्या झऱ्यातल्या मासोळ्या बोटाच्या पेराएवढ्या, मातकट. खाली बसून बघितल्याशिवाय दिसतसुद्धा नाहीत. चांदीसारखी लखाखते ती नदीची मासळी. ती झऱ्यात दिसली याचा अर्थ नदी झऱ्यात शिरली होती. सगळ्या बेटानं मासोळी बघितली, पण ती आली कुठून हे त्या आनंदात कुणी विचारलं नाही. मासोळी असली म्हणजे पाणी चांगलं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पोरांना शिकवलं होतं. पोरं नाचली यात त्यांची काय चूक?

"आणि आत्या?" मी विचारलं.

"ती बसली की बघत. लई येळ बसली. मी म्हणलं, राहीबाई, मासं मोजतीस का? तर काय बोलली न्हाय. मग प्याली. सावली सरली. आमी घागरी उचलल्या. तर म्हणती, आज न्हाय. उद्या."

"का म्हणून विचारलं नाहीत?"

"इचारलं की! मी तर लई बोलले. म्हणलं, काटं घालतीस ते काय झरा तुज्या बापाचा हाय? तर म्हणती, बापाचाच हाय, तुज्या बी आन्‌ माज्या बी. आन्‌ हसली." मग सरजाकाकूनं पदर तोंडाला लावला. "दुसऱ्या दिशी ती उठलीच न्हाय, गणू."

आत्या, तू पाण्याकडे इतका वेळ का बघत बसलीस? ओळखलंस का? ओळखूनही प्यालीस, की प्यायल्यावर ओळखलंस? की काहीच ओळखलं नव्हतंस, नुसती मनात पाल चुकचुकली आणि तू "आज नाही" म्हणालीस? या तिन्हींतलं कुठलं खरं असावं असं मला वाटतं, तेही मला सांगता येत नाही. पहिलं खरं असेल तर मला तुझा राग येईल. आणि कदाचित यातलं काहीच नसेल, त्या बाराव्याच्या जेवणानंच घात केला असेल. पण तुला होडीतून नेणारा तुकानाना म्हणतो, "मी बी जेवलो की त्याच पंगतीत. मला काय झालं?" हे तो मला धीर द्यायला म्हणतो, की घाबरवायला, ते त्यालाही ठाऊक नसावं.

सावली थोडी सरकली आहे. झऱ्याच्या मावळतीकडच्या कडेला उन्हाची एक बारीक रेघ आली आहे.

तुझी आठवण काढायला बसलो की मला सगळ्यात आधी माझा पाय आठवतो. करमाळ्याला शिकायला ठेवलं होतंस, त्या वर्षीचा. सुट्टीला आलो तो लंगडत. घोट्यापाशी फोड आणि त्यातून पांढरा दोरा बाहेर आलेला. नारू. वाटेवरच्या एका पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी मी येता-जाता प्यायचो. तू तुरीची काडी घेतलीस, दोऱ्याचं टोक तिच्याभोवती गुंडाळलंस आणि रोज थोडा, अगदी थोडा, पीळ देऊन बाहेर ओढत गेलीस. आत तुटला तर पाय जातो, हे मला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. मी भीतीनं ओरडायचो.

"हलू नगंस. वळवळ करशील तर तुटंल."

"दुखतंय की गं!"

"दुखू दे. दुखतंय तवर पाय हाय."

तेव्हा मला फक्त तुझी बोटं दिसत होती. आज वाटतं, तुझं तोंड बघायला हवं होतं. तुलाही तेवढीच भीती वाटत असणार. पण बोटं थरथरली नाहीत. आज ओंजळ पाण्यात घालताना माझी थरथरली, सगळ्यांनी बघितलं.

पुढं पुण्यात कॉलेजात असताना एका पुस्तकात मी वाचलं की पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरतात, त्यातून नारू पसरतो. आपल्या बेटावर पाण्यात पाय घालायचा नाही, म्हणून आपल्याकडे नारू नाही. सुट्टीत येऊन ते तुला वाचून दाखवलं. किती हरखलीस! बेटभर सांगत फिरलीस, "बीएच्या पुस्तकात आपला झरा हाय." मी म्हणत होतो, "अगं आत्या, आपल्या झऱ्याचं नाव नाहीये त्यात." तू म्हणालीस, "नाव कशाला पायजे? रीत लिवलीया न्हवं? मग आपलाच." त्या दिवसापासून बेटावर माझं नाव बीए पडलं. म्हशीमागची पोरंसुद्धा "ए बीए" म्हणून हाक मारायची आणि तुला त्याचा अभिमान वाटायचा. मला शिकवायला तू काय काय केलंस ते इथं लिहीत नाही. लिहिलं तर तू म्हणशील, गणू हिशेब मांडाय बसला. एवढंच म्हणतो की आपल्या घरात माझ्या आधी कुणी पाटीला हात लावला नव्हता. आणि तो लावायचा, हे ठरवलं तू.

म्हणून तुझ्याशी भांडायची हिंमत मला आली. तीही तूच शिकवलेली.

आपलं भांडण दर सुट्टीत तिथूनच सुरू व्हायचं, जिथं मागच्या सुट्टीत थांबलं होतं. मी म्हणायचो, एका माणसानं आधी प्यायचं ही रीत बरोबर नाही. पटकी अर्ध्या दिवसात कळत नाही. कधी एक दिवस, कधी दोन-तीन दिवस ती पोटात गप्प बसते. पिणारा माणूस सावली सरताना धड दिसेल आणि तरी पाणी वाईट असेल.

"मग किती वाट बघायची?"

"दोन दिवस. तीन दिवस."

"तवर बेटानं काय थुंकी गिळायची?"

सगळे हसायचे. मीही हसायचो. मग मी म्हणायचो, सोलापुरात विहिरींत लाल औषध टाकतात, तसं आपण टाकू. तू कपाळाला आठ्या घालायचीस. "झऱ्यात कुंकू कालवू न्हाय देणार मी. मासोळ्या मरतील." मी तावातावानं म्हणायचो, "मासोळ्या मरतील, पण माणसं जगतील ना?" त्यावर मागच्या सुट्टीत, होडीत पाय ठेवता ठेवता, तू म्हणालीस, "आन्‌ मासोळ्या मेल्यावर माणसांनी कशाकडं बगून प्यायचं रं?" तुकानानानं होडी लोटली. मी काठाकडे बघून ओरडलो, "दिवाळीला आलो की सांगतो!" तू हात हलवलास. "ये. मग भांडू."

दिवाळी अजून आली नाही आत्या. पण तू विचारलंस ते माझ्यापुढं येऊन उभं राहिलं आहे.

तुझा तेरावा झाला आणि मी काट्यांचं कुंपण काढलं. सोलापूरहून येताना शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी लाल औषधाची पुडी बरोबर दिली होती. गड्यांना घेऊन झरा उपसला, गाळ काढला, पुन्हा पाणी भरू दिलं, त्यात औषध टाकलं. पाणी जांभळं-लाल झालं. बायका तोंड फिरवून उभ्या राहिल्या. एकीनं मोठ्यानं म्हटलं, "राहीबाईचं रगत." दोन दिवसांनी रंग गेला. पाणी काचेसारखं झालं. आणि त्यात एकही मासोळी नव्हती. नदीची मेली, आणि आपल्या मातकट मासोळ्या पुरातून वाचल्या असतील तर त्याही मेल्या. त्या मी एका टोपलीत गोळा करून उंबराखाली पुरल्या. पुरताना मला तुझ्या राखेची आठवण झाली आणि मी घाईघाईनं माती लोटली.

तेव्हापासून कुणी या पाण्याला शिवत नव्हतं. "बीएनं झरा मारला," असं तुकानाना सरळ तोंडावर म्हणाला. "मासोळीच न्हाय त्यात. कशावरनं पियाचं?" मी कळवळून सांगितलं की मासोळ्या होत्या तेव्हाच पाणी वाईट होतं. आता नाहीत, पण पाणी धुतलेलं आहे. ते सगळ्यांना पटलं. पटूनही कुणी घागर उचलली नाही. त्यांना कसा दोष देऊ? मलाच कुठं खात्री आहे? औषध वरच्या पाण्याला लागलं. आत खडकाच्या भेगेत काय आहे ते कुणाला दिसतं?

धाकटा झरा गाळानं बुजलेला आणि म्हशींचा पुरानं नासलेला, म्हणून इतके दिवस घरोघरी नदीचं पाणी उकळून चाललं होतं. पण शेण्या पुरात भिजल्या, तुराट्या संपत आल्या. परवा धुराकडे बघून मला कळलं की काही चुली फक्त भाकरीपुरत्याच पेटतात. काल सरजाकाकूची सून काठावर ओणवी होऊन तशीच, ओंजळीनं, नदीचं पाणी पिताना मी बघितली. पटकीच्या गावावरून आलेलं पाणी. मला बघून ती लाजली आणि म्हणाली, "लई तान लागली हुती, भावजी." तिच्या कडेवर पोर होतं. त्याच्या हनुवटीवर थेंब होते.

ते थेंब बघून मी ठरवलं. झरा उघडला नाही तर बेट नदी पिणार. आणि कुणी आधी प्याल्याशिवाय झरा उघडणार नाही. ज्या रिवाजाला मी इतकी वर्षं नावं ठेवली, त्याच्याशिवाय माझ्याजवळ काही उरलं नव्हतं.

म्हणून प्यालो.

आता पाण्यावर सावलीचा एक तुकडा राहिला आहे. बायकांची कुजबुज थांबली आहे. तुकानाना मघापासून माझ्यासमोर उकिडवा बसून माझे डोळे तपासतो आहे, बाजारात बैल बघावा तसा.

"काय वाटतंय रं बीए?"

"काही नाही."

"पोट?"

"ठीक आहे."

"राहीबाई बी असंच म्हणायची," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

सावली सरली, आत्या. सगळे उठले. घागरींच्या कडा वाजल्या. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. तो म्हटला की सगळे माझ्यावर खूश होणार होते, बीएनं झरा उघडला म्हणून बेटभर बोलणार होते. मी उठलो. त्या सुनेच्या कडेवरचं पोर माझ्याकडे बघत होतं. आणि माझ्या तोंडातून आलं, "आज नाही."

सरजाकाकू कडाडली, "म्हंजी? पियालास की! धड उभा हायस की! भ्यालास व्हय?"

"व्हय काकू," मी म्हणालो. "भ्यालो."

मी पुष्कळ काही सांगणार होतो. पटकी पोटात किती दिवस गप्प बसते ते, सगळं. सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "तीन दिवस मी इथंच राहतो. रोज सकाळी पितो. तिसऱ्या दिवशी माझ्या पायांनी उठून 'भरा' म्हटलं तर भरा." तुकानाना म्हणाला, "आन्‌ तवर काय थुंकी गिळायची?" तुझेच शब्द. कुणी हसलं नाही.

मग सरजाकाकू, तुझी तोंडाळ सरजाकाकू, घागर काखेतून काढत म्हणाली, "माज्या दिराच्या गुऱ्हाळाची काहील पडलीया. चुलाण बी हाय. घरोघरी जाळ घालण्यापरीस समद्या बेटाचं पाणी तिच्यात उकळाय काय हुतंय? ज्याच्याकडं जी काटकी असंल ती आणा." आणि तिनं आपली घागर माझ्या पुढ्यात पालथी घातली. तिच्या शेजारी सुनेनं. मग एकेक करून सगळ्यांनी. तुझी घागर मी घरून आणली होती. ती त्या सगळ्यांच्या पुढं पालथी आहे.

तेव्हा मला थोडं कळलं. तू ओळखलं होतंस की नव्हतंस, ते मला आता कधीच समजणार नाही. पण "आज नाही" म्हणायला ओळखावं लागतंच असं नाही. दुसऱ्याच्या पोरासाठी भ्यावं लागतं. पाळीवाल्याला दगडावर बसवतात ते यासाठीच असेल का? हे तुला विचारायचं होतं. आणि आणखी एक. आपल्या मातकट मासोळ्या भेगेतून पुन्हा येतील का? मी पाण्यात वाकून वाकून बघतो. अजून काही हललेलं दिसत नाही.

चुलाण पेटलं आहे. धूर इकडेच येतो आहे. माणसं काटक्या घेऊन चालली आहेत आणि जाताना प्रत्येक जण माझ्याकडे एकदा वळून बघतो आहे.

आत्या, मघाशी पोटात काहीतरी कळवळलं. थोडंसंच. सकाळपासून पाण्याखेरीज पोटात काही गेलेलं नाही, त्यानं असेल. तू असतीस तर कमरेवर हात ठेवून हसली असतीस, म्हणाली असतीस, "खुळ्या, भूक लागलीया तुला, दुसरं काय न्हाय."

म्हण की.